बोरघाटात पाय काय सांगतात

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई-पुणे सायकल शर्यत तुमच्यापैकी काहींनी रस्त्याकडेला उभं राहून पाहिली असेल. खरी गर्दी बोरघाटात. तिथं जो पहिला वर पोचतो, तो ‘घाटाचा राजा’. पण खोपोली येईपर्यंत या पोरांच्या पायांत साधारण सत्तर-ऐंशी किलोमीटर आधीच गेलेले असतात, आणि पुढे खंडाळ्यापर्यंत जवळपास ५०० मीटरची उंची. सायकलसह ७५ किलो वजन वीस मिनिटांत तेवढं वर न्यायचं, तर नुसत्या चढालाच ३०० वॅट लागतात. वारा आणि रस्त्याचं घर्षण वेगळं.

आता हे ३०० वॅट काढायचे कसे? मिनिटाला ९० फेरे मारले, तर पायडलवर सरासरी १९ किलोचा जोर पुरतो. फेरे ६० वर आले, की त्याच वॅटसाठी २८ किलो लागतात. दमलेला गडी नेमका इथं अडकतो. पाय जड झाले म्हणून फेरे मंदावतात, मंदावले म्हणून प्रत्येक फेरा अधिक जड जातो. मग लवकर थकणारे, जोरकस स्नायुतंतू कामाला लागतात आणि साठवलेली साखर भराभर संपते. लोक याचं खापर मेहनतीत स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लावर फोडतात. बिचाऱ्यावर अन्यायच आहे. त्याचंच शरीरातलं रूप, लॅक्टेट, तर स्नायूंना इंधन म्हणूनही चालतं.

पुढच्या वेळी घाटात उभे राहाल तेव्हा चेहऱ्याकडे पाहू नका, चेहरे सगळ्यांचेच वाकडे असतात. कमरेखाली पाहा. पोटऱ्या दमल्या, की घोट्याची लय बिघडते आणि भार नितंबांच्या व मांडीमागच्या स्नायूंवर जातो. कंबर सीटवर डावी-उजवीकडे डुलू लागते. वर येणारा पाय पायडलवरच रेलतो, म्हणजे खाली जाणाऱ्या पायाला त्याचंही ओझं उचलावं लागतं. गंमत अशी, की हँडलवरचा मीटर अजूनही ३०० दाखवत असतो! आकडा कोसळतो तो नंतर.

म्हणून जाणते प्रशिक्षक केवळ ताज्या पायांच्या चाचणीवर विसंबत नाहीत. आधी तीन तास सायकल चालवून घेतात, मग वीस मिनिटं जीव तोडून. समजा, ताजेपणी ३५० वॅट देणारा तिथं ३०० वर आला आणि ३३० वाला ३२० वर टिकला, तर घाटासाठी मी दुसऱ्यालाच निवडेन.

हा टिकाऊपणा मुख्यतः वर्षानुवर्षांच्या लांब सरावातून येतो. पण थोडा खिशातूनही येतो: तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं, तीही भूक लागायच्या आधी. पनवेल मागं पडलं आणि केळी अजून जर्सीच्या खिशातच असतील, तर खोपोलीनंतर ती खाऊन फारसा उपयोग नाही.