काइन तायो : फिलिपिनो समाजातलं ‘आपण’

मित्रहो, आपल्याकडे कोणी ओटीवर जेवायला बसलेलं असलं आणि अंगणातून ओळखीचा माणूस जाताना दिसला, की तोंडून आपोआप निघतं, ‘या जेवायला.’ जाणारा म्हणतो, ‘जेवा, जेवा, आत्ताच झालं.’ तो बसणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. तरी न विचारता जेवत राहणं आपल्याला जमत नाही. मी बोटीवर नोकरीला लागलो तेव्हा हाच संवाद मला फिलिपाइन्सच्या तगालोग भाषेत ऐकू आला. मेसरूममध्ये फिलिपिनो खलाशी भात आणि तळलेली सुकी मासळी घेऊन बसलेले असायचे. दारावरून जाताना मी दिसलो, की त्यांच्यातला वडीलधारा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, हाक मारायचा, ‘काइन तायो!’

काइन म्हणजे जेवणं. तायो म्हणजे आपण. ‘आपण जेवू या.’

या ‘तायो’ शब्दापाशी आज मला थोडं थांबायचं आहे. तगालोगमध्ये ‘कामी’ आणि ‘तायो’ असे दोन शब्द आहेत. कामी म्हणजे आम्ही, समोरच्याला वगळून. तायो म्हणजे आपण, समोरच्याला धरून. इंग्रजीला हा फरक दाखवता येत नाही. मराठीला तो जन्मापासून येतो. लग्नाच्या बोलणीत ‘आम्ही ठरवतो’ आणि ‘आपण ठरवू’ यांत केवढं अंतर असतं हे तुम्हाला सांगायला नको. फिलिपिनो समाजात संस्कृती काय काम करते, असं मला कोणी विचारलं, तर सव्वीस वर्षं त्या माणसांबरोबर इंजिनरूममध्ये काढल्यावर माझं उत्तर हेच आहे : कामीचं तायो कसं करायचं याच्या रीती ती शिकवते. सात हजार सहाशेच्या वर बेटं, पावणेदोनशेच्या आसपास भाषा, आणि वर्षाला साधारण वीस वादळं. अशा ठिकाणी ‘आपण’मध्ये कोण येतं हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

विरहिलिओ एनरिकेझ नावाचे तिथले एक मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते अमेरिकेत शिकले, 1971 साली परत आले, आणि आपल्या लोकांचं मन परक्यांच्या प्रश्नावलीतून मोजणं त्यांना पटेनासं झालं. तोवर अमेरिकी अभ्यासकांनी फिलिपिनो माणसाच्या स्वभावाची जणू यादीच केली होती : हा भिडस्त, हा उपकाराखाली दबणारा, हा चारचौघांशी जुळवून घेणारा. एनरिकेझ म्हणाले, ही तर वरची साल आहे. गाभ्याचा शब्द ‘काप्वा’ आहे. काप्वाचं भाषांतर पुष्कळ जण ‘दुसरा माणूस’ असं करतात. पण त्यात दुसरेपण नाही. समोरचा आणि मी आतून एकाच धाग्याचे, अशी ती जाणीव आहे. म्हणून तगालोगमध्ये माणसं दोन प्रकारची : ‘इबांग ताओ’ म्हणजे परका, आणि ‘हिंदी इबांग ताओ’ म्हणजे जो परका नाही तो. इथे ‘हिंदी’चा अर्थ ‘नाही’. आपल्या माणसासाठी वेगळा शब्द न योजता ‘परका नव्हे’ असं म्हणायचं, यातच बरंच काही आलं. परकेपण जाण्यासारखं असतं, हे भाषेनं गृहीत धरलं आहे.

ते घालवायची साधनं त्या समाजानं मिळेल तिथून घेतली. मोठ्या भावाला ‘कुया’ आणि मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात, ते चिनी व्यापाऱ्यांच्या होक्कियन बोलीतून आलं. रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे कुया. स्पॅनिश लोक 1565 पासून ठाण मांडून बसले, तीनशेहून अधिक वर्षं राहिले आणि त्यांनी तिथल्या लोकांना ख्रिस्ती केलं. बाप्तिस्म्याबरोबर धर्मपिता, म्हणजे मुलाचा मानलेला बाप, आला. फिलिपिनो माणसानं त्या धर्मपित्याला नात्यात ओढलं. माझ्या मुलाचा धर्मपिता तो माझा ‘कुंपारे’, म्हणजे जवळजवळ भाऊ. वडीलधाऱ्याचा हात हातात घेऊन तो आपल्या कपाळाला लावायचा, त्याला ‘मानो पो’ म्हणतात. त्यातला ‘मानो’ हा हात स्पॅनिश आहे, आणि ‘पो’ हा आदराचा शब्द त्यांचा स्वतःचा, आपल्या अहो-जाहोसारखा. (मध्य फिलिपाइन्समधल्या सेबू बेटाकडच्या भाषेत हा ‘पो’ नाही. मनिलाची रीत म्हणजे सगळ्या देशाची रीत, असं समजू नका. तिकडच्या माणसाला ते लागतं.)

आता उत्तरेच्या डोंगरात चला. लुझोन बेटावर इफुगाव लोकांची भातखाचरं आहेत. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पायऱ्यांची. ती दोन हजार वर्षांची आहेत असं पूर्वी पाठ्यपुस्तकांत छापत. स्टीफन आकाबादो या पुरातत्त्वज्ञानं तिथे खणून पाहिलं. त्याच्या अभ्यासातून निघालं, की यातली बरीचशी खाचरं चारशे वर्षांच्या आसपासची असावीत. म्हणजे स्पॅनिश सत्ता खालच्या दरीत शिरली, तशी माणसं वर सरकली आणि त्यांनी डोंगर कोरला. काही लोकांना वाटलं, यानं वारशाची किंमत कमी झाली. मला तर ती वाढलेली दिसते. शरण न जाता वर चढून भात पिकवायचा, हा त्या माणसांनी घेतलेला निर्णय होता, आणि तो आजही उन्हात चकाकताना दिसतो.

त्या खाचरांवर पाणी कुठून येतं? वर डोक्यावर ‘मुयोंग’ असतं, घराण्याघराण्यानं राखलेलं रान. वरच्यानं रान तोडलं तर खालच्याचं खाचर कोरडं. त्यामुळे रान कोणी किती तोडायचं, पेरणी कधी, कापणी कधी, कोणत्या दिवशी शेतात पाऊल टाकायचं नाही, हे सगळं विधींमध्ये बांधलेलं आहे. धान्याच्या राखणीला लाकडाचे ‘बुलुल’, म्हणजे भाताचे देव, बसवतात. बाहेरून आलेल्याला ते कोरीवकाम वाटतं. तिथे तो पाटबंधारे खात्याचा कारभार आहे, आणि तो देवाच्या साक्षीनं चालतो. पेरणीला, कापणीला आणि मयताच्या जागरणाला बायका ‘हुधुद’ गातात. दोनशेच्या वर गाणी, एकेकात चाळीसेक प्रसंग, आणि पूर्ण म्हणायचं तर काही दिवस लागतात. म्हातारी बाई पुढे म्हणते, बाकीच्या उचलून धरतात. कणसं हातानं एकेक खुडायची असली तर एवढं लांब गाणं हवंच. जातं थांबलं आणि ओवी थांबली हे आपण पाहिलं आहे. तिथेही तरुण पोरं शहरात गेली, बांध ढासळू लागले, आणि 2001 मध्ये युनेस्कोनं ही खाचरं धोक्याच्या यादीत टाकली. त्याच वर्षी हुधुदलाही मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान दिला. खाचरं 2012 मध्ये त्या यादीतून बाहेर आली. गाणाऱ्या मात्र म्हाताऱ्याच राहिल्या आहेत.

‘बायानिहान’ हा शब्द तुम्ही कदाचित ऐकला असेल. बांबू-झावळ्यांचं अख्खं घर वाशांवर पेलून गावकरी दुसऱ्या जागी नेतात, ते चित्र तिथल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं असतं. आता सिमेंटची घरं कोण उचलणार? पण एप्रिल 2021 मध्ये, करोनाची टाळेबंदी चालू असताना, केसोन सिटीच्या मागिनहावा रस्त्यावर एका तरुणीनं बांबूची छोटी गाडी उभी केली. थोडा भाजीपाला, तांदूळ, डबाबंद वस्तू. वर पुठ्ठ्यावर लिहिलं : ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. पहारा नाही, नावनोंदणी नाही. तार्लाकच्या शेतकऱ्यांनी रताळी पाठवली. काही दिवसांत देशभर अशा शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. सरकारातल्या काहींनी त्यांच्यावर कम्युनिस्टांचा शिक्का मारायचा प्रयत्न केला, तेव्हा लोक चिडले. वाशावरचं घर गेलं तरी खांदा शिल्लक होता.

आता मी अशा गोष्टीकडे येतो, जिच्याबद्दल मला कळवळून बोलावंसं वाटतं. ‘उतांग ना लोओब’. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आत. आतलं कर्ज. आपण आईबापाचे पांग फेडतो म्हणतो, तेच. हे कर्ज रकमेचं नसतं, म्हणून ते रकमेनं फिटत नाही. ज्यानं शाळेची फी भरली, आजारपणात रात्र जागवली, बोटीवर चिकटवून दिलं, त्याचं देणं माणूस आयुष्यभर वाहतो. जो वाहत नाही, त्याला ‘हिया’ नाही, म्हणजे लाज नाही. बँक नाही, विमा नाही, सरकार लांब, अशा बेटांवर हीच पतपेढी होती. तिनं माणसं तगवली.

पण याच कर्जाला सावकारही भेटले. निवडणुकीच्या गावात मयताला पैसे देणारा, पोराला नोकरी लावणारा पुढारी हे आतलं कर्ज मतांत वसूल करतो, आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा. 1987 च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला बंदी आहे. ती बंदी अमलात आणणारा कायदा संसदेनं करायचा होता. वर्षांमागून वर्षं गेली, तो झाला नाही. एनरिकेझांचं म्हणणं मला इथे आठवतं : गाभ्याचा शब्द काप्वा. मला वाटतं, काप्वाची जाणीव काढून घेतली, की उपकाराची जाणीव नुसता फास उरते.

आणि तो फास मी बोटीवर पाहिला आहे. 1974 च्या कामगार कायद्यापासून परदेशी नोकरी हे त्या देशाचं धोरणच झालं. 2023 मध्ये बाहेरच्या फिलिपिनोंनी घरी पाठवलेली रक्कम 33 अब्ज डॉलरच्या वर होती. आपल्या कोकणानं मनीऑर्डरवर चूल पेटवली, त्यामुळे मला हा आकडा कोरडा वाटत नाही. तिकडे चाकरमान्याला ‘बालिकबायान’ म्हणतात. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे गाव आणि देशही. त्याच्या नावानं एक पुठ्ठ्याचा खोका असतो. आमचा बोसन वर्षभर तो भरायचा. साबण, कॉफी, डबाबंद मांस, चॉकलेटं, भाच्याचे बूट. प्रत्येक वस्तूवर नाव. एकदा मी त्याला विचारलं, यात तुझ्यासाठी काय आहे? त्याला प्रश्नच कळला नाही. नंतर एका रात्री पहाऱ्यावर असताना तो स्वतःहून बोलला. दोन भाऊ शिकवले, एका बहिणीचं घर बांधलं, आता त्यांची मुलं. त्याला घरी राहून मासेमारी करायची होती. ‘कधी फिटेल?’ मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तांब्याचा एक पत्रा आहे. लागुना प्रांतातल्या नदीत वाळू काढणाऱ्या माणसाला सापडलेला. अंतून पोस्टमा या डच अभ्यासकानं तो वाचला. मजकुराची सुरुवात मी मुद्दाम सांगतो, कारण ती तुम्हाला भाषांतराशिवाय कळेल : स्वस्ति, शकवर्षातीत 822, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इसवी सन 900. फिलिपाइन्समध्ये सापडलेला हा सर्वांत जुना तारखेचा लेख, आणि त्यावर आपल्याच पंचांगातली तिथी. गुरूला ‘गुरो’, चेहऱ्याला ‘मुखा’, देवतेला ‘दिवाता’ म्हणणारी तगालोग भाषा आपल्याला परकी नाहीच.

लेख कशाबद्दल आहे? नामवरान नावाच्या माणसावर सोन्याचं कर्ज होतं. ते माफ झाल्याचं त्याच्या मुलांना, अंगकातान आणि बुकाह यांना, लिहून दिलं आहे. सरदारांची नावं साक्षीला घातली आहेत. नामवरानचे सगळे वंशज या कर्जातून मोकळे झाले, असं म्हटलं आहे. मग शेवटच्या ओळीत सुरू होतं, की पुढे कधी कोणी असं म्हणालं, की हे कर्ज अजून फिटलेलं नाही, तर... आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच पत्रा संपतो.