मधल्या सुट्टीनंतरचा तास

[दृश्य: सत्तरी तालुका. सकाळ. कौलारू मराठी प्राथमिक शाळा, व्हरांड्यात चपलांची रांग.]

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा सकाळच्या. घरून निघताना पोटात काय असतं? बऱ्याचदा कपभर चहा आणि त्यात बुडवलेली दोन बिस्किटं. त्यावर पहिला तास निघतो, दुसराही कसाबसा निघतो. मग पाढ्यांचा आवाज खाली येतो. कुणी बाकावर डोकं टेकतं, कुणी सारखं दाराकडे बघतं. बाई रागावत नाहीत. आता फळ्यावर नवं काही लिहून उपयोग नाही, हे त्या जाणून आहेत.

[दृश्य: रिक्षातून उतरणारे स्टीलचे डबे.]

आज पाव-भाजी. पांढऱ्या वाटाण्याची. महिला स्वयंसहाय्य गटानं पहाटे उठून रांधलेली. गोव्यात सरकारी योजनेतलं मध्यान्ह भोजन असं गटांकडून शिजून शाळेत येतं. वाढण्याआधी बाई घासभर चाखून बघतात, तसा नियमच आहे. मग पंगतीतून फिरतात.

"नुसता पाव काय खातोस रे? भाजी कोण संपवणार, मी?"

बाईंचं बरोबर आहे. केंद्राच्या निकषानुसार प्राथमिकच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. मैद्याच्या पावानं पोट भरतं. प्रथिनांसाठी वाटाणेच खावे लागतात.

[दृश्य: सुट्टीनंतरचा वर्ग. एक मुलगी बोट ठेवून धडा वाचते आहे.]

आता हाच वर्ग बघा. पण एका तासाच्या तरतरीवर भिस्त ठेवायला नको, मोठा पुरावाही आहे. मध्यान्ह भोजनाची योजना देशभर १९९५ साली आली, तरी बहुतेक राज्यं कोरडं धान्यच वाटत होती. शिजवलेलं अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये दिला. राज्यांनी तो आपापल्या सवडीनं पाळला, आणि या दिरंगाईमुळेच तुलना करता आली. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक शाळेची पाच वर्षं हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहूनही कमी काळ जेवलेल्या मुलांपेक्षा १८ टक्के जास्त निघाले. गणितात फरक ९ टक्के. म्हणजे महिना-दोन महिन्यांत चमत्कार होत नाही. वर्षानुवर्षं, न चुकता ताट यावं लागतं.

[दृश्य: गटाचं स्वयंपाकघर. भली मोठी पातेली घासली जात आहेत.]

आणि न चुकता म्हटलं, की गाडी येते बिलांवर. बिलं थकल्याची गटांची तक्रार गोव्याला नवी नाही. किराणावाला उधारी किती दिवस देणार? हात आखडला, की भाजीत वाटाणे कमी आणि बटाटे जास्त. तपासणीला येणारे साहेब वाचन घेतात, पाढे म्हणवून घेतात. भाजीत कडधान्य किती होतं आणि गटाचं मागचं बिल कधी निघालं, हेही त्याच वहीत लिहा की!