चौकटीभोवतीची पट्टी

(दृश्य: फणसाच्या फळीवर रंधा चालतोय.)

फणसाचं लाकूड ताजं रंधलं की असं हळदीसारखं पिवळं निघतं. मागे दिसतंय ते काळपट तपकिरी कपाटही फणसाचंच, फक्त जुनं. कुडाळ तालुक्यातल्या या चिरेबंदी घराची दुरुस्ती निघालीय. प्लास्टर झालं. आता दारं, खिडक्या आणि भिंतींचा तळ, सगळीकडे पट्ट्या बसवायच्या.

पट्टी लागते कशाला? चौकट लाकडाची, भिंत चिऱ्याची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, माघ-फाल्गुनात आकसतं. भिंत मात्र जागची हलत नाही. मग दोघांच्या मध्ये भेग पडतेच, आणि कितीदाही सिमेंट भरलं तरी पुन्हा उघडते. ती भेग झाकायची आणि लाकडाला हलायला जागा ठेवायची, एवढं पट्टीचं काम. त्याला वेलबुट्टी लागत नाही.

(दृश्य: ओटीचं दार, गणेशपट्टी.)

नक्षी या घरात आहे, ती इथे, दर्शनी दारावर. माजघराच्या दाराला जुन्या सुतारानं साधी सरळ पट्टीच मारली होती. नव्या पट्ट्यांचं माप तिच्यावरूनच घेतलं. तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड, कडा हाताला लागू नयेत इतक्याच मारलेल्या. बाजारातल्या खाचाखाचांच्या तयार पट्ट्यांत धूळ बसते, आणि एमडीएफची, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीची असेल तर लादी पुसतानाचं पाणी पिऊन ती तळातून फुगते. अशा घरात ती लावूच नये.

(दृश्य: दाराचा वरचा कोपरा, अगदी जवळून.)

हा सांधा नीट बघा. पंचेचाळीसचा तिरपा काप नाही. आडवी पट्टी दोन्ही उभ्या पट्ट्यांच्या डोक्यावर सरळ ठेवलीय. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे तिरपा सांधा कोरड्या दिवसांत आतल्या टोकाला उघडतो. सरळ सांध्याला ती खोड नाही. आणि पट्टी चौकटीच्या कडेशी जुळवलेली नाही, पाव इंच मागे सरकवलीय. दोन कडा तंतोतंत जुळवल्या की केसाएवढा फरकही डोळ्यांत खुपतो. मुद्दाम ठेवलेली ही पायरी तो पोटात घेते.

(दृश्य: मेस्त्री पेन्सिलीनं पट्टीवर रेघ ओढतात.)

"भिंत सरळ नाय, पट्टी सरळ कशी बसतली?" मेस्त्री म्हणतात. पट्टी भिंतीला टेकवायची, फुगवट्यालगत पेन्सिल फिरवायची आणि रेघेपर्यंत पट्टीची पाठ रंधायची. टेकवून बघायचं, पुन्हा रंधायचं. या एका खिडकीला असं चार वेळा झालं. फटीत पुटी भरून दहा मिनिटांत मोकळं होता आलं असतं.

पाठीला काजूच्या टरफलांचं तेल. वाळवीला ते चालत नाही. रंग काळा, आणि अंगाला लागलं तर कातडी भाजते, म्हणून लांब दांड्याचा कुंचला.

(दृश्य: पडवीची जुनी भिंत, तळाशी तांबडा पट्टा.)

आता भिंतीचा तळ. शेणानं जमीन सारवताना भिंतीला हात लागायचा, शिंतोडे उडायचे. म्हणून वीतभर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, पट्टा ओढत. आज ज्याला स्कर्टिंग म्हणतात, ते या घरात असं होतं. आत आता फरशी आली, तिथे चार इंची फणसाची पट्टी बसली. पडवीत काव तशीच ठेवली. ती काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही, याचा आम्हाला फार आनंद आहे.

काम ठरल्यापेक्षा तीन आठवडे लांबलं, मजुरी वाढली.

(दृश्य: संध्याकाळ. घरातल्या आजी नव्या पट्टीवरून हात फिरवतात, मग उंबरठ्यावर बसतात. निवेदन नाही.)