आज कितें आसा?

(म्हापशातल्या एका वाचनालयात शुक्रवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तरी तुम्ही पिशव्या सांभाळत इथवर आलात. समोरच्या रांगेतल्या पिशवीतून सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा वास येतोय, म्हणजे मी आज नेमक्या विषयावर बोलायला उभा राहिलोय.

ज्या खानावळीबद्दल मी बोलणार आहे, ती इथून चालत दहा मिनिटांवर आहे. नाव सांगत नाही. तुमच्यातले निम्मे तिथे जेवलेले आहेत आणि उरलेल्यांच्या वाड्यावर तशीच एखादी असेल. फलकावरची अक्षरं उन्हानं पुसली गेली आहेत. आत कडाप्पा घातलेली सात टेबलं, स्टीलचे पेले, भिंतीवर शांतादुर्गेची तसबीर आणि कालनिर्णय. हात धुवायचं बेसिन जेवणाऱ्यांच्या पाठीशी, त्यामुळे उठणाऱ्याला वाट देताना प्रत्येकाला खुर्ची सरकवावी लागते. मी तिथे पहिल्यांदा जेवलो १९७८ साली, वडिलांबरोबर. ते मामलेदार कचेरीत कामाला आले होते. काम झालं नाही, पण जेवण मात्र अजून आठवतं.

तिथे मेनूकार्ड कधीच नव्हतं. बसल्यावर आपणच विचारायचं, ‘आज कितें आसा?’ म्हणजे आज काय आहे? आणि उत्तर यायचं, ‘बांगडे, तारले, सुंगटां.’ कधी नुसतंच ‘बांगडे’. माझं आजचं सगळं म्हणणं या प्रश्नात आहे. इतर हॉटेलांत वेटर आपल्याला विचारतो, काय हवं? इथे आपण समुद्राला विचारतो, आज काय दिलंस? खानावळ मधली दुभाषी. चाळीस वर्षं चव टिकली ती मला वाटतं यामुळेच. जे नाही ते शिजवायचा हट्ट त्या घरानं कधी धरला नाही.

आता कडीकडे येऊ. पुण्याकडच्या पाहुण्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, त्यांना ताकाची कढी आठवते. आपली कडी म्हणजे हुमण, नारळाच्या वाटणाची. मालवणकडे तिला आमटी म्हणतील. बाहेरच्यांना वाटतं, एकच मसाला आणि त्यात वेगवेगळी मासळी सोडतात. तसं नसतं. मासळी बदलली की कडी बदलते. बांगड्याला नि तारल्याला तेफळ, म्हणजे तिरफळ लागतं, कारण ही तेलकट मासळी. तिथे कांदा-लसूण चालत नाही. सुंगटांना कांदा चालतो, आणि आंबटाला दिवसांप्रमाणे तोर, आंबाडे नाहीतर बिंबलं. तिसऱ्यांचं सुकं करावं, तेच बरं.

एकदा मी मालकीणबाईंना विचारून सकाळी नऊ वाजता त्यांच्या रांधणीत जाऊन बसलो. सगळे त्यांना वयनी म्हणतात, मीही म्हणतो. नारळाचं चूण खवून तयार होतं. खोबरं, धणे, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, हळद. पूर्वी हे रगड्यावर वाटायचे, आता विजेचा ग्राइंडर आहे. मी जरा हळहळलो तर वयनी म्हणाल्या, ‘तुम्ही एक दिवस रगडा ओढा, मागीर बोला.’ त्यांच्या आईचे खांदे रगड्यापायी कायमचे दुखावले होते. तेव्हापासून मी रगड्याचं गुणगान करणं सोडून दिलं आहे. पण एक गोष्ट त्यांनी सोडलेली नाही. वाटण काढताना त्या चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळून बघतात. कणी लागली की परत फिरवायचं. त्या दिवशी तीनदा परत फिरवलं.

मग तेफळं. भाद्रपदाच्या सुमारास हिरवी तेफळं घोसांनी बाजारात येतात, चवथीच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाजीत पडतात. वर्षभराची सुकवून ठेवायची. आतलं काळं बी टाकायचं, फक्त टरफलं घ्यायची, थोडी ठेचून पाण्यात घालायची आणि ते पाणी कडीत. जिभेला किंचित मुंग्या येतात ना, ती या टरफलांची करामत. कडीला उकळी आली की बांगडा सोडायचा, सोलां, म्हणजे आमसुलं घालायची आणि डाव बाजूला ठेवायचा. ढवळलं की मासा मोडतो. वयनी टोप दोन्ही कानांना धरून नुसता हलवतात. मोठा जड टोप, पन्नास माणसांची कडी. तो हलवताना त्यांच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. मला तेव्हा वाटलं, थाळीची किंमत करताना हे मनगट कोणी मोजत नाही.

मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, त्याआधी तिखटाला मिरी होती. सोलां आणि तेफळ मात्र आपल्याच रानातली. एवढं सांगून पुढे जातो.

पावसाळ्याबद्दल थांबून बोलायला हवं. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. मासळीच्या विणीचे दिवस. या काळात खानावळीची परीक्षा असते. बाजारात मासळी दिसते, पण त्यातली बरीचशी परराज्यांतून बर्फात आलेली. जुलै २०१८ मध्ये त्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली आणि गोवा हादरला. सरकारनं काही दिवस बाहेरची मासळी आणायलाच बंदी घातली. त्या आठवड्यात मी एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. इसवण, म्हणजे सुरमई, ताजी आहे असं तिथे छातीठोकपणे सांगितलं. विश्वास बसेना, आम्ही वरण-भात जेवून उठलो. दुसऱ्या दिवशी वयनींकडे गेलो. विचारलं, ‘आज कितें आसा?’ त्या म्हणाल्या, ‘नुस्तें ना.’

मासळी नव्हती, पण जेवण होतं. उकड्या तांदळाचं शीत, सुक्या सुंगटांची किसमूर, सुक्या बांगड्याची उड्डमेथी, अळूचं तोंडाक, वर सोलकडी. खाडीत गळ टाकणाऱ्या कोणी शेवटे मासे आणून दिले तर ते पहिल्या दहा जणांना. सुकी मासळी उन्हाळ्यातच भरून ठेवलेली. आपल्या आज्या याला पुरुमेंत म्हणायच्या, पावसासाठी केलेली बेगमी. गिऱ्हाईक कमी आलं का, असं मी विचारलं. ‘आले ते जेवले,’ एवढंच बोलल्या.

मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांना अशाच खानावळींनी सांभाळलं. गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होतं, माशाच्या जेवणासाठी नावाजलेलं. तेही बंद झालं. माझे काका गिरगावात बिऱ्हाडाशिवाय अकरा वर्षं राहिले. ते म्हणायचे, पत्रानं घरची खबर कळते आणि कडीनं घर कळतं.

वयनींचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. शिकलेला आहे, पणजीला नोकरी होती, सोडून आला. त्यानं मोबाइलवरून पैसे घ्यायची सोय केली, पंखे बदलले. मेनूकार्ड छापू का, असं त्यानं आईला विचारलं होतं. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा भिंतीवर एक काळी पाटी दिसली. तीवर खडूनं लिहिलं होतं, ‘बांगडे. लेपो.’ सव्वादोन वाजले होते. मी बसतो तोवर तो उठला, ओल्या फडक्यानं ‘लेपो’ पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सोंपलें, काका. बांगड्याची कडी आसा, वाडूं?’