टेस्ट ट्यूबमधला निळा रंग नक्की कुणाचा?

मंडळी, महाबळेश्वरचा जांभळाचा मध तुम्ही चाखला असेल, काळपट, थोडा तुरट. त्या रंगामागे आणि चवीमागे फीनॉलिक द्रव्यांचा बराच हात असतो, म्हणजे झाडाने ऊन, किडी, बुरशी यांच्यापासून वाचायला बनवलेली रसायनं, जी मकरंदातून आणि परागातून मधात उतरतात. मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी झाडांची राळ आणून पोळं लिंपते, त्यातूनही क्रायसिन, पिनोसेम्ब्रिन अशी फीनॉलिक द्रव्यं मधात येतात; आपली देशी सातेरी माशी सहसा राळ गोळा करत नाही, त्यामुळे तिच्या मधाचा हिशोबच वेगळा.

आता मधातली ही फीनॉलिक द्रव्यं मोजायची कशी? 5 ग्रॅम मध पाण्यात विरघळवून 50 मिली करायचा, गाळायचा, त्यातला अर्धा मिली घेऊन फोलिन-सिओकाल्टो रिएजंट, म्हणजे रंग बदलून मोजमाप देणारं रसायन, घालायचं, पाच मिनिटांनी सोडियम कार्बोनेट, मग दोन तास अंधारात. पिवळट द्रव हळूहळू निळा होतो, तो रंग किती गडद ते यंत्रावर 760 नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचायचं आणि गॅलिक अॅसिड या फीनॉलिक द्रव्याच्या माहीत असलेल्या प्रमाणांवरून आखलेल्या रेषेवर बसवून आकडा काढायचा. बस, झालं, असं मलाही वाटायचं.

एकदा मी नुसतं फ्रुक्टोज आणि ग्लुकोजचं पाणी, मधात असतात त्याच प्रमाणात, त्याच पद्धतीने लावलं. मध नाही, फूल नाही, माशी नाही, आणि ट्यूब फिकट का होईना पण निळी झाली! त्या दिवशी मी आधीच्या सगळ्या वह्या काढून बसले, कारण त्यातला एकही आकडा साखर वजा करून लिहिलेला नव्हता, आणि ते आकडे मी लोकांना दिले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण असं की हे रिएजंट 1927 साली प्रथिनांमधलं टायरोसिन मोजायला बनवलं होतं. ते फीनॉल ओळखत नाही, जो कोणी इलेक्ट्रॉन देईल त्याच्याशी निळं होतं. आणि मधात 100 ग्रॅमला साधारण 80 ग्रॅम साखर, फीनॉलिक मात्र मिलिग्रॅममध्ये. एवढ्या गर्दीत एकट्याचा आवाज ऐकायचाय!

म्हणून दोन गोष्टी. एक, त्याच प्रमाणातला साखरेचा ब्लँक, म्हणजे मध नसलेलं नुसतं साखरेचं पाणी, प्रत्येक वेळी लावायचा आणि त्याचा आकडा वजा करायचा. दुसरी जास्त खात्रीची, मध आम्ल घातलेल्या पाण्यात, पीएच 2 ला, विरघळवून रेझिनच्या (फीनॉलिक धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) कॉलममधून, म्हणजे नळीतून, सोडायचा, साखर पाण्याबरोबर निघून जाते, फीनॉलिक रेझिनला चिकटून राहतात, मग मिथेनॉलने ते सोडवून घ्यायचे आणि एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, टाकायचे, तिथे प्रत्येक द्रव्याचं शिखर वेगळं दिसतं, नावानिशी.

आणि मधपाळांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, मध तापवला की साखर आणि अमिनो आम्लं मिळून तपकिरी पदार्थ तयार होतात आणि तेही ट्यूब निळी करतात. म्हणजे बिघडवलेला मध कागदावर जास्त गुणी दिसू शकतो! म्हणून हातात रिपोर्ट आला की नुसता आकडा बघू नका, साखर वजा केली का ते विचारा, आणि शेजारी एचएमएफ, म्हणजे मध तापवला की साखरेपासून वाढणारं द्रव्य, किती आलंय ते बघा, आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला 80 मिलिग्रॅम आहे.