सोमवारची शर्यत

मंडळी... असं म्हणताना मला दर वेळी हसू येतं. तुमच्या लेखी मंडळी म्हणजे समोर बसलेले श्रोते. आमच्या घरात मंडळी म्हणजे चर्च. "मंडळीत गेली होतीस का?" हा आजीचा रविवारचा पहिला प्रश्न, आणि त्याला एकच उत्तर चालायचं.

गेल्या पावसाळ्यात ती प्रभूकडे गेली, ९४ वर्षांची होऊन. तेव्हापासून भेटणारे लोक दोन तऱ्हेचं बोलतात. काही म्हणतात, किती भाविक बाई. काही म्हणतात, काय काटक बाई, ऐंशी उलटल्यावरही चार मजले चढायची. दोन्ही खरं आहे. पण बोलणं असं असतं, जणू या दोन निरनिराळ्या बायका होत्या, आणि तिथे माझं भांडण आहे.

आधी एक घोळ मिटवते. आम्ही बॅप्टिस्ट. माझगावात हे सांगितलं की हमखास विचारतात, "म्हणजे काका बाप्टिस्टांच्या नात्यातले का?" नाही हो. जोसेफ 'काका' बाप्टिस्टा हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले कॅथलिक, लोकमान्यांचे सहकारी, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. त्यांचं ते आडनाव, आमचा तो पंथ. आजी मात्र कधी कंटाळली की "हो, लांबचे" म्हणून मोकळी व्हायची. एका अर्थी ते खोटंही नव्हतं, कारण रोज पहाटे ती त्यांच्याच नावाच्या बागेत असायची. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या डोक्यावर भंडारवाड्याची टेकडी, टेकडीवर पालिकेचा जलाशय, जलाशयाच्या माथ्यावर ती बाग. आजी चढ चढून जायची, वरून बंदरातल्या क्रेन बघत दम खायची आणि उतरून पुन्हा चढायची. चढताना बायबलमधलं स्तोत्र म्हणायची. तेविसावं स्तोत्र संपेपर्यंत वर पोचलं पाहिजे, असा तिचा हिशेब. घड्याळ तिच्याकडे होतं, पण घड्याळ बंद पडतं म्हणे.

बॅप्टिस्ट हा शब्द इथे बसलेल्यांना परका वाटत असेल, पण मराठीशी त्याचं नातं जुनं आहे. विल्यम केरी बॅप्टिस्ट होता. इंग्लंडात चांभारकाम करणारा हा माणूस बंगालमध्ये आला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला, १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं आणि १८११ मध्ये बंगालमधल्याच श्रीरामपूरहून मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, निघाला. आजीला केरीच्या मराठीपेक्षा त्याच्या चांभारकामाचं जास्त कौतुक. "बूट शिवणाऱ्याला पायाची किंमत कळते," म्हणायची.

पंथाची खूण म्हणजे बाप्तिस्मा. बहुतेक मंडळ्यांत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. आमच्यात माणूस मोठा व्हावा, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा, आणि मग त्याला पाण्यात अख्खं बुडवावं. शिंपडण्याला आजी 'शिंतोडे' म्हणायची. समोर आमचे मेथॉडिस्ट व्याही बसलेत, त्यांनी मनावर घेऊ नये.

आता हे बुडवणं म्हणजे काय ते सांगते, कारण आजी खरी कळते ती इथे. व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली हौद. शनिवारी पाणी येण्याच्या वेळेत तो भरून ठेवायचा. रविवारी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, कमरेइतक्या पाण्यात उभे राहतात आणि उमेदवाराला पाठीवर आडवा करून पाण्याखाली नेतात. ऐकायला सोपं वाटतं. पण घाबरलेला माणूस ताठतो, हात मारतो, पाळकांना घेऊन बुडतो. आजीला लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकवलेलं, त्यामुळे तिच्या वेळी उलटंच झालं. ती खाली गेली आणि आरामात खालीच राहिली. वर काढायला पाळकांची धांदल उडाली. "इतकं शांत होतं खाली," एवढंच तिचं त्यावर म्हणणं.

पुढे कित्येक वर्षं बाप्तिस्म्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीबाळी आजीकडे यायच्या. पाळकांनी त्यांना शास्त्रवचनं शिकवलेली असायची. आजी श्वास शिकवायची. "नाक धर. गुडघे सैल सोड. मान त्यांच्या हातावर टाक, स्वतः धरून ठेवू नकोस." पांढरी साडी पाण्यावर फुग्यासारखी वर येते, म्हणून घोट्याशी पिना लावायची आणि आत सलवार घालायला लावायची. मान टाकणं कुणाला जमत नसेल तर चटईवर पंचवीस वेळा करून घ्यायची. मी लहान होते, मला वाटायचं ही पोहण्याची शिकवणी आहे. विश्वासाची शिकवणी वेगळी कुठे होते, ते मला कधी सापडलं नाही.

तिच्या धावण्याचं दुखणं वेगळं होतं. शाळेत ती धावायची ती १०० यार्ड. तिचे पाय लांब पल्ल्याचे, पण मुलींना लांब पल्ला द्यायचाच नाही अशी तेव्हा जगाचीच रीत. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, धावणाऱ्या थकून बसल्या म्हणून बोभाटा झाला, आणि ती शर्यत पुन्हा दिसली १९६० मध्ये. पुरुष थकून पडले तर त्यांना शूर म्हणतात, ही आजीची टिप्पणी. १९५२ मध्ये हेलसिंकीला भारताच्या बायका पहिल्यांदा ऑलिंपिकच्या ट्रॅकवर उतरल्या, नीलिमा घोष आणि आपल्या बांद्र्याची मेरी डिसूझा. मेरी १०० आणि २०० मीटर धावली. आजी साधारण तिच्याच वयाची. मेरीच्या बातमीचं कात्रण तिच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, होतं. कुठल्या पानात, ते विचारू नका. मी शोधलं, तर ते नेमकं वंशावळींच्या कंटाळवाण्या पानांत निघालं. बहुधा तिथे कुणी उघडणार नाही म्हणून. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकला यायला १९८४ उजाडलं. तोवर आजी आजी झालेली होती.

आणि मग १५ फेब्रुवारी २००४ ला मुंबईत मोठी मॅरेथॉन झाली. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी छोटी दौड, चार किलोमीटरच्या थोडी वर. मी आनंदाने फॉर्म घेऊन आले. आजीने चष्मा लावून वाचला आणि तारखेवर बोट ठेवलं. रविवार.

रविवार म्हणजे शब्बाथ, देवाचा विश्रांतीचा वार. मी वकिली केली. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे वचन तोंडावर फेकलं. ती म्हणाली, सोयीसाठी शास्त्र उघडायचं नसतं. मग मी एरिक लिडेलचं काढलं, म्हटलं तुझ्याच बाजूचा आहे, ऐक. १९२४, पॅरिस. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या धावलाच नाही. ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. आजी बराच वेळ गप्प होती. "त्याला दुसरी शर्यत मिळाली," म्हणाली, "मला दुसरा वार मिळतो का बघू."

सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही बोरीबंदरला उतरलो. आईचा सलवार-कुर्ता, पायात कॅनव्हासचे बूट, केसांना घट्ट अंबाडा. रस्ता तिनेच आखलेला. मेट्रो सिनेमा, मरीन लाइन्स, मग समुद्राच्या कडेने चर्चगेट, हुतात्मा चौक आणि परत. माझ्या हातात घड्याळ आणि पाण्याची बाटली. रस्त्याच्या कडेला आदल्या दिवशीच्या चेपलेल्या बाटल्या, केळ्यांची सालं, फाटके फलक. ती धावत होती असं म्हणणं धाडसाचं आहे. बारीक, एकसारखी पावलं, खांदे सैल, मान सैल. मला तिच्या मागे भरभर चालावं लागत होतं आणि मधूनमधून पळावंही.

मरीन लाइन्सपाशी एक सफाई कामगार झाडू थांबवून म्हणाला, "आजी, शर्यत काल होती."

"ठाऊक आहे," ती न थांबता म्हणाली. "काल मला काम होतं."

बोरीबंदरला परत पोचल्यावर तिने वेळ विचारली. मी सांगितली. "चर्चगेटच्या सिग्नलला थांबले होते, तेवढी वजा कर," म्हणाली. मग आम्ही कटिंग घेतला आणि माझगावची बस पकडली. एका मुलाने उठून तिला जागा दिली. तिने मलाच तिथे बसवलं. घड्याळ धरून माझे पाय दुखले असतील, म्हणे.