रंगीत कागदाचं पासबुक

नमस्कार मंडळी! हे बघा माझ्या हातात काय आहे. प्लॅस्टिकची छोटी पिशवी, आत रंगीत कागदाचे तुकडे. मी नमुना म्हणून बनवलीये. पण अशी पिशवी एकेकाळी भायखळ्याच्या फुटपाथवर बायकांचं पासबुक होती.

फुटपाथवर राहणाऱ्या या बायकांनी १९८६ च्या सुमारास 'महिला मिलन' सुरू केलं. रोजची बचत, जमेल तेवढी. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक रकमेला एक रंग ठरवला. समजा, पिवळा म्हणजे एक रुपया, लाल म्हणजे दोन. पैसे दिले की तेवढे तुकडे आपल्या पिशवीत. हिशेब डोळ्यांसमोर.

मला पैशांपेक्षा तो रोजचा फेरा मोलाचा वाटतो. पैसे गोळा करणारी बाई रोज प्रत्येक झोपडीपुढे थांबणार. मग तिला कळणारच ना, की हिचं पोर तापानं फणफणलंय, तिच्या नवऱ्याला आज काम मिळालं नाही, ती पलीकडची कालपासून दिसली नाही. आज द्यायला पैसे नसले तरी विचारपूस होतेच. छप्पर गेलं की माणसाची ही विचारपूसच आधी तुटते. तुम्हाआम्हाला दूधवाला विचारतो, शेजारच्या काकू विचारतात. छप्पर गेलेल्याला कोण विचारणार?

हे सगळं घडत होतं तो काळही बघा. १९८१ च्या पावसाळ्यात सरकारनं ठरवलं की फुटपाथवरच्या झोपड्या पाडायच्या आणि लोकांना गावी धाडायचं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ओल्गा टेलिस खटला म्हणून ते ओळखलं जातं. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठानं सांगितलं, पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. मात्र रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभा राहिली. निकालाचं कौतुक करताना हा भाग बरेचदा गाळला जातो. त्या बायकांना तो गाळून चालणारच नव्हतं. रेशनकार्ड असो की पोलीस चौकी, एकटीनं जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, हे त्यांनी स्वतःला लावून घेतलं.

मग प्रश्न आला, घर मिळालं तर कसं हवं? फुटांचा हिशेब कुणाला सवयीचा नव्हता. साडीची लांबी मात्र प्रत्येकीला ठाऊक! साडीनं मापं घेत त्यांनी आपलं घर आखलं आणि खऱ्या आकाराचा नमुना उभा केला. छत १४ फुटांवर, म्हणजे वर पोटमाळा निघतो आणि तेवढ्याच जागेत सगळ्यांना पाय पसरता येतात. पुढे यातल्या काही कुटुंबांनी मानखुर्दला 'मिलन नगर' वसवलं. फुटपाथवरचे शेजारी तिथेही शेजारीच राहिले.

आता आजचं बोलू. शहरात दर १ लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, तोही २४ तास उघडा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच बजावलंय. खाटा हव्यातच, त्यावर वादच नाही. पण कुणाचं कुणाला माहीत नसेल, तर तिथे माणूस फक्त रात्र काढतो.

म्हणून निवाऱ्यात काम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रोज संध्याकाळचा फेरा तिथे राहणाऱ्याच कुणाकडे सोपवा. आज कोण आलं नाही, का आलं नाही, एवढंच विचारायचं. सुरू केलात तर कळवा, मी भेटायला येईन.